तात्यांच्या विमानाची बॅटरी

उत्तमतात्या आज सकाळी गेले.

विमानातून पडून नव्हे. झोपेत.

हे आधीच सांगतो, कारण सकाळपासून येणारा प्रत्येक फोन तेच विचारतोय.

हट्टा या आपल्या गावी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तात्यांनी स्वतः एक विमान बांधलं. एका माणसाचं. ॲल्युमिनियमचे पाइप, कापडाचे पंख, जुन्या मोटारसायकलचं इंजिन.

माळावर पळायचं छान. उडायचं तेवढं राहिलं होतं.

मग एका पोळ्यानंतर त्याची बॅटरी चार्ज होईना.

पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की पंप बंद, पंप बंद की इंजिन बंद. विमान माळाच्या मधोमध थांबायचं. मग तात्या आणि मी ते ढकलत आणायचो.

तात्यांच्या बायकोनं, मंदाकाकूंनी, मुदत दिली.

"सोयाबीन निघायच्या आत उडालं तर ठीक. न्हाई तर भंगारवाल्याला देते. पोत्यांना शेड लागतंय."

काकू बोललेलं करतात. तात्यांची जुनी जीप अशीच गेली होती.

तात्यांनी बॅटरी बदलली. वायरी बदलल्या. इंजिनाचा करंट बॅटरीला सोसेल असा करून देणारा डबा, म्हणजे रेग्युलेटर, तो तर दोनदा बदलला.

मी पेपरात नोकरीला. सुट्टीच्या दिवशी जायचो, आणि इंजिन चालू करून बॅटरीला व्होल्टचं मीटर धरायचो.

"किती?"

"बारा, तात्या."

"चौदा पायजे. नीट धर."

"नीट धरूनच बारा आहे."

"पेपरात तर आकडे फुगवून राहिले तुमी. इथंच काहून जमंना?"

बाहेर काकू रिकामी पोती झटकत होत्या. गरजेपेक्षा जास्त जोरात.

शेवटी तात्यांनी एक सुटी वायर घेतली. एक टोक रेग्युलेटरच्या डब्याला लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला.

मीटर चौदावर.

तात्यांनी पाना घेतला आणि डबा खोलला.

रेग्युलेटरला अर्थिंग मिळतं ते विमानाच्या सांगाड्यातून. डबा सांगाड्याला उघड्या धातूनं टेकला पाहिजे.

आणि तात्यांनी बैल विकून टाकलेले. म्हणून पोळ्याला त्यांनी विमान सजवलं होतं. गोंडे, माळ, पुरणपोळीचा नैवेद्य, आणि शिंगांना देतात तो ऑइल पेंट.

हात आखडता घेतला नव्हता. रेग्युलेटर खोलून त्याच्या खालीसुद्धा दोन हात मारले होते. नट-बोल्टही सोडले नाहीत. नवे दोन्ही रेग्युलेटर त्याच रंगावर बसले, आणि रंगातून करंट जात नाही.

काकू म्हणाल्या, "अवो, बैलाला वायरी नसतात. एवढं तरी बघायचं."

"मुकं जनावर हाय," तात्या म्हणाले. "सांगणार कसं?"

पॉलिश पेपरनं रंग घासला. सोयाबीनची कापणी सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी विमान माळावर पळालं आणि उठलं. पुरुषभर उंच. एक बांध ओलांडला आणि पलीकडे टेकलं.

तात्या धापा टाकत परत आले.

"पाह्यलं का?"

"पाह्यलं," काकू म्हणाल्या. "बुटकंच उडालं."

"उडालं ना पण?"

काकू चहा टाकायला गेल्या.

दिवाळीला मी तात्यांच्या घरी गेलो, तर बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. छतापर्यंत सोयाबीन. काकूंनी मला एका पोत्यावर बसवून फराळाची ताटली हातात दिली.

"शेडात जागा न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "तिथं विमान असतंय."

तात्या, भरल्या मनानं निरोप.