आधी मुळी दाव

"आधी मुळी दाव."

कुणीही अळंबी घेऊन समोर आलं की खालाचं पहिलं वाक्य हेच. हात पुढं, तळवा वर, नखांत माती. डोळे त्या माणसाकडं नाहीतच. छत्रीच्या दांड्याचं खालचं टोक कुठंय, तिकडं. दांडा वरच्यावर खुडलेला दिसला की पुढं आलेला हात मागं जायचा. "मी नाव सांगत नाय. फेक."

बस्स. मग तुम्ही तहसीलदार असा नाहीतर तिचे सख्खे भाऊ, ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलेली असायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका गोष्टीपुरतं ती कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, आणि बाकी सगळ्या बाबतीत कुणीही यावं आणि गुंडाळून जावं.

मी त्या वेळी शहागंजाच्या अलीकडं एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. निजामावर पोलीस अॅक्शन होऊन बारा-पंधरा वर्षं झाली असतील. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने खाला खुलताबादहून पहिल्या एसटीनं यायची आणि आमच्या दवाखान्याच्या ओट्याखाली टोपली मांडायची. तिला नाव असणारच, पण आख्ख्या बाजाराची ती खाला, म्हणजे मावशीच होती. मी तिच्यासाठी 'कंपोंडर'. माझं खरं नाव एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाली, "ते तुझ्या घरचं. हितं तू कंपोंडरच."

टोपलीत अळंबी असायची ती वीतभर लांब मुळीसकट, चिखलासकट. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "खाला, निम्मी तर मातीच हाय की!"

"माती धुता येती. पोटात गेलेलं धुता येत नाय."

तिचं शास्त्र तिनं मला ओट्यावर बसून शिकवलं. रिकामा वेळ असला की ती शिकवायची, माझी शिकायची इच्छा असो वा नसो. "वारुळातली छत्री खायची. तिची मुळी पार खाली वारुळात गेलेली आसती. म्हणून उपटायची नाय, खुरप्यानं खणायची. टोपीला मधी टोक आसतं. आता तिची सवत बघ." सवत म्हणजे हुबेहूब तशी दिसणारी दुसरी. "ती गवतात येती, कंपाउंडात येती, उकिरड्याशेजारी येती. हिच्यापरीस देखणी! पांढरीफेक, वर तपकिरी खपल्या. दांड्यावर बांगडी, ती वर-खाली सरकती. खाली मुळी नाय, नुसता गड्डा. टोपीखालच्या चुण्या कवळेपणी पांढऱ्याच आसत्यात, म्हातारी झाली की हिरव्या पडत्यात. पन तवर थांबतंय कोन?"

एक दिवस सकाळी तिनं माझ्याकडून पुड्या बांधायचे दोन पांढरे कागद मागून घेतले. एकावर आपली टोपी पालथी घातली, दुसऱ्यावर सवतीची, आणि वर औषध मोजायचे ग्लास झाकले. संध्याकाळी ग्लास उचलले. टोपीखालून बारीक भुकटी गळून कागदावर चुण्यांची नक्षी उठली होती. एक नक्षी फिकट, दुसरी चक्क हिरवी.

"हिचा रंग कोन्ता?" खालानं पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

"गुलाबीसर वाटतोय."

"वाटतोय की हाय?"

मी पुन्हा निरखून पाहिलं. "आहे."

"मंग तसं बोल ना."

डॉक्टरसाहेबांनी मला झापलं ते वेगळंच. औषधाच्या ग्लासांखाली कुत्र्याच्या छत्र्या ठेवतोस, अक्कल आहे की नाही! खाला खाली बसून पदराआड हसत होती.

मग तो श्रावण आला. श्रावणात घरोघर वशाट बंद, त्यामुळे अळंबीवर उड्या पडायच्या. आमच्या गल्लीत एक पिठाची गिरणी होती. एका दुपारी गिरणीवाले मामा धाकट्या मुलीला हातांवर घेऊन धावत आले. मुलगी सहा वर्षांची, मान टाकलेली, ओठ पांढरे. मागोमाग घरची तिघं, ओकून ओकून वाकलेली. डॉक्टरांनी मुलीला तिथल्या तिथं सलाइन लावलं आणि टांगा मागवला, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला.

"खाल्लं काय होतं?"

"अळंबी."

"आणली कुठून?"

मामांनी ओट्याखाली बोट केलं. "ही बसलीय ना! दुसरं कोण विकतं इथं?"

टांगा गेला आणि ओट्याखाली माणसं जमली. कुणीतरी टोपली लाथेनं उलटी केली. काही तोंडं भलतंसलतं बोलायला लागली, ते इथं लिहीत नाही. मी हातात मिक्स्चरची बाटली धरून दारात उभा होतो. तिची एकेक छत्री मी पाहिलेली होती, मुळीसकट. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

खाला आधी म्हणाली, "पोरगी वाचंल ना, डॉक्टरसाब?" मग उठली, पदर खोचला. "माझी आसंल तर मुळ्या आसतील. चला, मला मुळ्या दावा."

ती पुढं, गर्दी मागं. गिरणीमागच्या परसात सकाळचा कचरा पडला होता. खालानं गुडघे टेकून तो हातांनी उपसला. कांद्याची सालं, लसणाची सालं, अळंबीचे कापून टाकलेले दांडे. एकेक दांडा तिनं ओळीनं मांडला. एकालाही मुळी नव्हती. खाली गड्डे, आणि चार दांड्यांवर बांगडी तशीच. एक बांगडी तिनं सगळ्यांना दिसेल अशी बोटानं वर-खाली सरकवून दाखवली.

दारात भिंतीला धरून मामी उभ्या होत्या. दवाखान्यापर्यंत यायचंही त्राण नव्हतं, म्हणून त्या घरीच राहिल्या होत्या. "मीच खुडल्या हो," त्या रडायला लागल्या. "गिरणीमागच्या गवतात आल्या होत्या. पण रुपया टाकून पाहिला होता! काळा नाही पडला!"

आता हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. निजामाचा हाली रुपया चलनातून गेला, पण त्यात चांदी म्हणून घराघरांतल्या डब्यांत तो जपलेला होता. अळंबी शिजताना त्यातला एक पातेल्यात टाकायचा. काळा पडला तर विष, पांढरा राहिला तर बिनघोर जेवा. शिकलेसवरलेले लोकही असंच करायचे. आमच्या घरी माझी आईही करायची.

मुलगी तिसऱ्या दिवशी डोळे उघडून पेज प्यायली. चौथ्या दिवशी मामा ओट्याशी आले आणि सगळ्यांदेखत खालापुढं हात जोडले. प्रकरण तिथं संपलं असतं. खालाची इभ्रत तिला परत मिळाली होती, कुणी काही म्हणणार नव्हतं. पण मामा जाता जाता बोलून गेले, "चूक आमचीच, खाला. हाली रुपयात चांदी कमी असते. कलदार टाकायला पाहिजे होता."

कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया.

"म्हंजी पुन्यांदा टाकनार?" खालानं विचारलं.

"कलदार टाकू की! आमच्या आजीचा आहे ठेवणीतला."

त्या दिवशी खाला कुणाशी धड बोलली नाही. गिऱ्हाईक आलं तर नुसती मान हलवायची. संध्याकाळी टोपली उचलताना मला म्हणाली, "कंपोंडर, बाजाराच्या दिवशी तुझा स्टो पायजे."

तो स्टोव्ह सुया उकळायचा. डॉक्टरसाहेब देतील असं मला वाटत नव्हतं, पण त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि म्हणाले, "दे. आणि चांगला पंप मारून दे."

बाजाराच्या दिवशी ओट्यावर स्टोव्ह फरफरू लागला. पातेलं खालानं घरून आणलं होतं. मामींच्या परसातल्या गवतातूनच तिनं सवत खुडून आणली होती. बांगडी, गड्डा, सगळं फिरवून दाखवलं, चिरली आणि पातेल्यात टाकली. मग मामांपुढं हात पसरला. "हाली द्या. कलदार बी द्या."

दोन्ही रुपये पातेल्यात पडले. भाजीवाल्या आपापल्या जागा सोडून आल्या. उकळी आली, फेस आला. खालानं माझा चिमटा घेतला आणि आधी हाली काढला, मग कलदार. दोन्ही पांढरेशुभ्र! उलट घासून काढल्यासारखे चमकत होते.

"बघा," खाला म्हणाली. "ह्याला काय बी कळत नाय. ना हालीला, ना कलदारला."

गर्दीत एक शहाणा असतोच. मागून आवाज आला, "खाला, आज खायचीच छत्री टाकली असशील. तुझा धंदा हाय, तू काय बी करशील!"

खाला स्टोव्ह बंद करायला वाकली होती, ती तशीच थांबली. मग सरळ झाली. तिचा आवाज मी कधी इतका हळू ऐकला नव्हता, आणि तरी तो शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"माझी धाकटी भैण व्हती. नवी नवरी. माझ्या घरी पाहुणी आल्ती. छत्र्या म्या खुडल्या, ह्या हातानं. मुळी बघितली नाय. हंडीत रुपया बी म्याच टाकला. आसाच पांढरा निघाला. म्हणलं, खा गं, पोटभर खा." तिनं हातातला चिमटा ओट्यावर ठेवला. "तिसऱ्या दिशी गेली. म्या लोकांना सांगितलं, पटकी झाली. आजपत्तूर तेच सांगत आले."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, खाला, गप बसा हो, अळंबी विकणारी बाई असं बोलली तर उद्या तुमच्याकडून घेणार कोण? तिला ते कळत नव्हतं असं थोडंच होतं!

"आता घरी जाऊन रुपया टाकायचा तर टाका," खाला म्हणाली. "म्या सांगायचं ते सांगितलं."

त्या मोसमात तिची निम्मी टोपली रोज परत गेली. ती मात्र रोज आली. मामांनी तो हाली रुपया परत घेतला नाही. खालानं सोनाराकडून त्याला भोक पाडून घेतलं आणि दोऱ्यात ओवून टोपलीच्या काठाला बांधला. कुणी रुपयाचं नाव काढलं की ती त्याला टिचकी मारायची. "ह्यो सवतीच्या रश्शात न्हालाय. बघा, कसा गोरापान!" हसत हसत सांगायची, पण टिचकी जोरात असायची.

दोन-तीन वर्षांत गिऱ्हाइकं परतली. विकत घेणाऱ्यांपेक्षा नुसतं दाखवायला आणणारेच जास्त. त्यांचा एक छदामही तिला मिळायचा नाही, तरी दोन्ही हातांनी घेऊन, उन्हाकडं धरून बघायची. आणि शंका आली की फेक. किती जणांच्या शिव्या खाल्ल्या असतील तिनं त्या 'फेक'पायी! आमच्या दवाखान्यात मात्र त्यानंतर अळंबी खाऊन कुणी आलं नाही. मी दारातच बसायचो, मला माहीत आहे.

वर्षं गेली. खालाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुळी ती बोटांनी चाचपायची, टोपीचं टोक चाचपायची, चुण्या मात्र डोळ्यांशी अगदी टेकवून बघायला लागली.

गिरणीवाल्यांची ती मुलगी कन्नडला दिली होती. एका श्रावणात माहेरी आली, ती पिशवी घेऊन थेट ओट्याशी. "खाला, बघा. वारुळावरच्याच आहेत. मीच खणून काढल्यात, तुम्ही शिकवलं तशा."

खालानं पिशवीत हात घातला. मुळ्या होत्या, चांगल्या वीतभर. पण एसटीच्या धक्क्यांनी टोप्या दांड्यांपासून सुटल्या होत्या, कुठली टोपी कुठल्या मुळीची ते कळायला मार्ग नव्हता. तिनं एक टोपी डोळ्याशी नेली. लांब धरली. पुन्हा जवळ आणली.

"पांढऱ्या आहेत चुण्या, खाला," मी म्हणालो. "वाटत नाही, आहेत."

तिला हसू आलं. "शिकला रे कंपोंडर." पण टोपी तिनं खाली ठेवली. "तुला दिसतंय. मला दिसत नाय. तुझ्या डोळ्यावर म्या जबान देत नाय."

"अहो, मी हातानं काढल्यात!" मुलगी रडवेली झाली.

"मंग माझ्याकडं कायकू आणल्या, बेटा?"

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय आई तोंडात घालत नाही. त्या दिवसापासून नाही."

खालानं त्या पोरीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो तरी तिला किती दिसत होता, कोण जाणे. मग तिनं पिशवी उचलून तिच्या हातात दिली. "फेक, माझी बाय. समद्या फेक."

पोरगी गेल्यावर खालानं आपल्या टोपलीतली अळंबीही गटारात ओतली. सकाळपासूनची, सगळी मुळीसकट. मी "खाला, अहो!" म्हणत उठलो, तर हातानंच गप केलं. टोपलीचा दोरा सोडला आणि रुपया माझ्या हातावर ठेवला. "तुझ्या औषधाच्या खिडकीला बांध. ओकनारे तुझ्याकडंच येत्यात."

पुढच्या पावसाळ्यात पहिली एसटी आली, खाला आली नाही. खुलताबादचा एक फळवाला म्हणाला, ती उन्हाळ्यातच गेली. मी त्या दिवशी दोन पेशंटांच्या पुड्या उलटसुलट बांधल्या आणि डॉक्टरसाहेब मला एक शब्द बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात एक बाई अळंबी घेऊन खिडकीशी उभी राहिली. खाला कुठंय म्हणाली. मग म्हणाली, भाऊ, तुम्हीच बघा, तुम्हाला शिकवलं होतं ना तिनं? मी मुळी पाहिली. वीतभर. टोक पाहिलं. बांगडी नव्हती. कागदावर टोपी पालथी घालून ग्लास झाकला आणि बाईला संध्याकाळी बोलावलं. कागदावर फिकट नक्षी उठली.

"खाऊ ना, भाऊ? पोरं वाट बघत्यात."

"चांगली वाटतेय," मी म्हणालो.

आणि माझं मलाच ऐकू आलं. खिडकीच्या गजाला रुपया लटकत होता. मी कागद दिव्याखाली धरला, दारात नेला, पुन्हा दिव्याखाली आणला. बाई ताटकळत उभी होती.

"फेका," मी म्हणालो.

बाई जाताना काय काय बोलली, ते गल्लीनं ऐकलं. ती भुकटी गुलाबीच होती, आज कुणी विचारलं तर मी सांगेन. पण त्या संध्याकाळी खालानं "वाटतेय की हाय?" असं विचारलं असतं, तर मला "आहे" म्हणता आलं नसतं.