कॉम्प्युटरच्या जाळीतलं भस्म

मला कुणी 'तुला जमायचं नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि ते काम जमेपर्यंत ताळ्यावर येत नाही. यात मोठेपणा काही नाही, स्वभावच तसा आहे.

परळीत आमचं किराणा आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताचा चार फुटांचा कोपरा माझा. तिथं माझा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि प्लास्टिकची दोन स्टुलं. मी तिथं अर्ज भरून देते. बाया लांबून माझ्याकडेच येतात, कारण अर्जात नवऱ्याचं नाव लिहायचं की नाही हे ठरवायला त्यांच्यातल्या काहींना वेळ लागतो, आणि मी तो देते. टाकलेली बाई त्या रकान्यापाशी येऊन अडते तेव्हा मागं रांगेत चार बापे माना उंचावून उभे नसलेले बरे.

दुकान सासऱ्यांचं. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पा रोज सकाळी वैजनाथाचं दर्शन घेऊन दुकानात येतात आणि भस्माची डबी उघडतात. आधी तीन बोटं वजनकाट्याला, मग गल्ल्याला, मग वह्यांच्या कपाटाला. जी वस्तू कमावते तिला भस्म लागलंच पाहिजे, हा त्यांचा नेम. माझा कोपरा चालायला लागला आणि रांग पहिल्यांदा दाराबाहेर गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या सीपीयूच्या डब्यावरही तीन बोटं ओढली. मी खूश झाले. आता कोपरा पक्का, असं मला वाटलं.

पुढं सहा वर्षांनी एका गुरुवारी सकाळी मी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आतला पंखा फिरला, पण स्क्रीन काळी ती काळीच. मग आतून लांब पीं, पीं असा आवाज यायला लागला. मी वायरी काढून पुन्हा खोचल्या, दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहिलं, स्क्रीनची वायर बदलली. आवाज काही थांबेना. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पत्राही न काढता नुसता कान लावला.

"बोर्ड गेला, ताई. लई जुना माल हाय. नवा घ्या."

"उघडून तर बघा."

"बघायचं काय त्यात? आवाजावरून कळतंय की."

माझे दीर याच दिवसाची वाट बघत होते. त्यांना त्या कोपऱ्यात थंड बाटल्यांचा फ्रीज ठेवायचा होता. अप्पांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि तिथंच निकाल दिला.

"बंद वस्तूला दुकानात जागा न्हाई. सोमवारपस्तोर चालू झालं तर ठीक, न्हाई तर फ्रीज येऊ द्या."

"आन् मी कुठं बसू, अप्पा?"

"घरी बसायला कुणी नको म्हनलंय का?"

या बोलण्याचा मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "राहू दे ना, फ्रीजपाशी बसत जा." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

लग्नाआधी घाटनांदूरला मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिथले सर पोरांना डबा उघडायला लावायचे आणि पोरींना म्हणायचे, तुम्ही मागं सरका, शॉक बसेल. मी मागं सरकायचे, पण टाचा उंचावून सगळं बघायचे. असाच एक पीं वाजणारा डबा त्यांनी खोडरबरानं चालू केला होता. पोरं हसली होती. मी मात्र ते मनात नोंदून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं. मी किल्ली मागितली.

"वहिनी, कावून हात घालता त्यात?" दीर म्हणाले. "जळून-बिळून जाईल."

"गेलाच हाय म्हनता ना? मग जळायचं काय राहिलंय, भाऊजी?"

किल्ली मला दिली नाही. ती घेऊन अप्पा स्वतः माझ्यासोबत आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. माझ्यावर लक्ष ठेवायला आले असावेत.

मी प्लग काढला, डबा टेबलावर आडवा केला, मागचे दोन स्क्रू फिरवले आणि बाजूचा पत्रा सरकवला. आत राखच राख. परळीत वीज केंद्राच्या धुराड्यांमुळं राखेचं नवल नाही. ती आमच्या खिडक्यांत असते, भांड्यांवर असते, केसांत असते, आणि तिचा काळपट रंग मी चांगला ओळखते. ही मात्र पांढरी होती, मऊ होती, आणि डब्याच्या वरच्या जाळीच्या बरोबर खाली साचली होती. मेमरीच्या दोन पट्ट्या तिच्यात रुतल्या होत्या. मी चिमूटभर उचलून नाकाशी नेली. अप्पांच्या डबीतल्या भस्माला कापराचा वास येतो, तोच आला.

मी बोट त्यांच्यासमोर धरलं. "हे तुमचं हाय."

अप्पांनी बोट बघितलं, मग जाळी बघितली. सहा वर्षं, रोज तीन बोटं. देवाचं म्हणून मीही त्यावर कधी फडकं मारलं नव्हतं, म्हणजे चूक माझीही होती. पण त्या वेळी ते कबूल करायची माझी तयारी नव्हती, आणि मी केलंही नाही.

रंगवायच्या ब्रशनं सगळं झाडून काढलं. विक्रीच्या बरणीतलं एक कोरं खोडरबर घेतलं, दोन्ही पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा घासल्या आणि पुन्हा खाचांमध्ये दाबून बसवल्या. प्लग लावला, बटण दाबलं. पीं.

"जाऊ दे आता, पोरी," अप्पा म्हणाले. "तुला जमायचं न्हाई."

हे त्यांनी बोलायला नको होतं. मी पुन्हा प्लग काढला, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, खाचा ब्रशनं कोरून साफ केल्या. या वेळी एकच पट्टी घेतली आणि ती दुसऱ्या खाचेत बसवली. बटण दाबलं. एकच बारीक आवाज झाला आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं सरकू लागली. मी रडले. आनंद होताच, पण त्यात राग जास्त होता.

सोमवारी फ्रीज आला नाही. सकाळीच दिंद्रुडहून एक बाई कागदांची पिशवी घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. अप्पा डबी उघडून नेमानं निघाले. वजनकाटा झाला, गल्ला झाला, कपाट झालं. मग ते माझ्याकडे आले. बोटं डब्यावर टेकणार, तोच मी जाळीवर हात ठेवला.

"इथं न्हाई, अप्पा."

"कमावत्या वस्तूला लावावं लागतं."

"वस्तू न्हाई कमावत. मी कमावते."

दुकानात गिऱ्हाइकं होती. दिरांनी साखर तोलायची थांबवली. अप्पांची भस्माची तीन बोटं तशीच हवेत राहिली. मी हात काढला नाही, कपाळ पुढं केलं.

त्यांना बराच वेळ लागला, पण त्यांनी लावलं. मग मी त्या बाईकडे वळले आणि तिला नाव विचारलं. तिनं स्वतःचं सांगितलं, नवऱ्याच्या नावापाशी थांबली आणि माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली, "एवढंच लिवा."