झुल्मिराची किंकाळी

पहाटे चारला झुल्मिराचा दिवस सुरू व्हायचा. चूल, कॉफी, नवऱ्याचा डबा. मग कुऱ्हाड घेऊन ताडबनात. बाबासू ताडाची टणक फळं फोडायची. कुऱ्हाडीचं पातं वर, दांडा मांडीखाली दाबलेला, पात्यावर फळ आणि वरून सोट्याचा घाव. गर निघतो त्याचं तेल. नेम चुकला की बोट जातं. मी जन्मभर तिच्याशेजारी बसून हेच केलं. पण तिच्यासारखा नेम माझा नव्हता.

तिच्या माहेरी बाईनं कण्हायचं नाही अशी रीत. तिची आई एउफ्राझिया म्हणायची, "आमच्यात बाई रडते ती मयताला." आणि नवरा देउसदेते? टाचेत काटा मोडला तरी गल्ली गोळा करायचा.

त्या सकाळी तिच्या सोट्याचा ठेका चुकला. मी वळून पाहिलं.

"झुल्मिरा, काय गं?"

"काही नाही. गॅस झालाय."

"गॅसनं ओठ पांढरे पडतात होय?"

"तू तुझी टोपली बघ."

आणखी दोन फळं फोडली तिनं. मग सोटा सुटला नि ती टोपलीवरच कोसळली. आम्ही झोळी बांबूला बांधली, तिला आत घातलं आणि धावत सुटलो! चौघी बायका, चिखल, खांदा बदलायलासुद्धा थांबलो नाही. वाटेत तिची आई भेटली, तीही धावली. सडकेवर आडव्या होऊन दुधाचा ट्रक थांबवला.

दवाखान्यात बोट कापलेला एक बाप्या बोंबलत होता. सगळे त्याच्याभोवती. डॉक्टरनं झुल्मिराला विचारलं, "किती दुखतंय?"

"थोडंसं."

"मग बसा जरा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात एउफ्राझियाचं लक्ष लेकीच्या ओठाकडे गेलं. दातांनी चावून रक्त आलं होतं.

"ओरड!"

"आई, लोक बघतात..."

"बघू देत! मी शिकवलं ते चुकलं. ओरड, पोरी, ओरड!"

आणि झुल्मिरा ओरडली! अशी ओरडली की बोंबलणारा बाप्या गप्प झाला. डॉक्टर धावत आला, पोटाला हात लावला नि स्वतःच तिची ढकलगाडी ढकलत ऑपरेशनला पळाला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. वाचली! आम्ही चौघी तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडलो.

संध्याकाळी देउसदेते आला, डोळे सुजलेले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुझी टाच दुखत होती ना."

टाके सुकल्यावर ती पुन्हा कामाला बसली. पहिल्या आठवड्याची मजुरी हातात पडली तेव्हा लेक जासियारा म्हणाली, "आई, दाढ दुखते." पूर्वी लवंग मिळाली असती, वर एक धपाटा. झुल्मिरानं तिला उचललं ते थेट शहरात, दातांच्या डॉक्टरकडे. सुई लागायच्या आधीच पोरीनं असा गळा काढला की रस्त्यावरची माणसं थांबली. दारात बसलेली आजी ओरडली, "अजून जोरात!"

सगळी मजुरी त्या दाढेत गेली.