शेतापुरतं चार्जिंग

ज्या गाडीला लायसन लागत नाही तिच्यात काहीतरी गोम असणार, असं मी शोरूममध्येच म्हटलं होतं. विकणारा हसला. म्हणाला, "मावशी, पंचवीसच्या वर पळतच नाही थे. म्हणून लागत नाही." मला त्याचं हसणंही पटलं नाही. पण आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सीटवरून एकदा हात फिरवला आणि मी गप्प बसले. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. साखरेच्या आजारानं डावा डोळा अधू झाला, डॉक्टरांनी लायसनच्या कागदावर सही दिली नाही, तेव्हापासून घरात नुसते बसून होते. जानेफळात आमचं घर, तिथून शेत पाच किलोमीटर. तेवढंच जायचं, मोठ्या रोडला चाक लावायचं नाही, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला आणि मगच ती बॅटरीची स्कूटर घरी आणली.

अंगणवाडीत मी कैक वर्षं मुलांची वजनं घेतली. मूल काट्यावर ठेवलं की मी आधी त्याच्या आईचा हात काट्याला टेकलेला तर नाही ना ते बघायची. ती खोड काही जात नाही. पेट्रोलची गाडी कुठं फिरून आली ते सांगत नाही, ह्या गाडीत मात्र समोरच आकडा दिसतो. ओसरीच्या खिडकीतून वायर काढून चार्जिंगची पिन लावायचं काम माझंच, कारण ते बारीक भोक त्यांना दिसत नसे. पहिल्या वर्षी शेतातून आले की पाव बॅटरी उतरलेली असायची. शंभराचे पंचाहत्तर. मी बोलत नसे, पण रोज बघत असे.

यंदा सोयाबीन सोंगायच्या, कापणीच्या वेळी पंचाहत्तरच्या जागी पासष्ट दिसायला लागले, मग साठ, मग त्याहीखाली.

"आज कुठं गेलते?"

"वावरात."

"वावरातच?"

"हाव. मंग कुठं जाईन?"

कुठं जातील ते मला चांगलं ठाऊक होतं. वावराच्या पुढे तीन-चार किलोमीटरवर मोठ्या रोडचा फाटा आहे. एसटीच्या गाड्या तिथं चहाला थांबतात, ह्यांचे जुने सोबती भेटतात. पाच आणि तीन आठ, जाऊन येऊन सोळा. माझा हिशेब आकड्याशी तंतोतंत जुळत होता. त्यात एकदा जेवता जेवता ते म्हणाले, अकोल्याच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आलाय. कसं कळलं विचारलं तर म्हणे, फोन आलता. पकडले गेले की सगळ्यांनाच फोन आलेला असतो.

त्या रोडवर ट्रक कसे पळतात ते मी पाहिलंय. डावीकडून आलेला ट्रक ह्यांना दिसणार नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात दिवसभर घोळायचा. खरं तर मी घाबरले होते, पण तोंडातून निघायचे ते टोमणेच. विहारात पुरुषांच्या बाजूला बसून ते खोटं न बोलण्याचं शील सगळ्यांबरोबर म्हणायचे आणि मी हात जोडून तिरप्या नजरेनं त्यांचं तोंड न्याहाळायची.

शेवटी मी माझ्या परीनं बंदोबस्त केला. शेतापुरती पाव बॅटरी लागते, वर हवी तर पाव जास्त. पन्नास झाले की मी पिन काढून घ्यायला लागले. तरी ते रोज आठ-दहावर घरी यायचे. म्हणजे फाट्याची वारी चालूच आहे असं मी धरलं आणि पंचेचाळीसवर आणलं. मग ते तीन-चारवर यायला लागले. पुढच्या दिवशी मी चाळीसच ठेवले. सकाळी त्यांनी डोळे बारीक करून तो आकडा पाहिला, डोक्याला दुपट्टा बांधला आणि निघाले. एक शब्द बोलले नाहीत. मनात चोर असला की माणूस असाच गप्प असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

साखरेच्या गोळीवर उपाशी राहून चालत नाही म्हणून एक वाजता ते ताटावर बसतात. त्या दिवशी दोन वाजून गेले. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. अडीचच्या सुमारास शेजारच्यांचा ट्रॅक्टर दाराशी थांबला. ट्रॉलीत सोयाबीनच्या पोत्यांना टेकून मालक बसलेले, शर्ट घामानं निथळत होता, ओठ पांढरे. बाजूला स्कूटर आडवी घातलेली.

"वहिनी, पहिले साखर द्या त्याइले," शेजारी म्हणाले.

"फाट्यावर सापडले ना?" मी विचारलं. सांगायची लाज वाटते, पण साखर आणायच्या आधी मी हेच विचारलं.

"फाट्यावर कायले? तुमच्याच वावराच्या रस्त्यावर, नाल्याच्या चढाले. गाडी ढकलत व्हते. मंग खालीच बसले."

साखरपाणी पोटात गेल्यावर अर्ध्या तासानं त्यांच्या ओठांवर रंग आला. संध्याकाळी शोरूमचा मेकॅनिक आला, त्यानं मीटर लावून पाहिलं. बॅटरी खचली होती. दोन उन्हाळे पत्र्याखाली उभी राहून तिची ताकद गेली, त्याच रस्त्याला आता जास्त चार्जिंग लागतं, म्हणाला. वावरात जाऊन यायला चाळीसच्या वरच. तो गेल्यावर मी ह्यांच्या खाटेजवळ जाऊन बसले.

"पिन मीच काढत होती," मी म्हटलं.

"मालूम हाये मले."

"मंग मागतलं काऊन नाही? एका शब्दानं सांगितलं असतं त लावून देली असती."

ते खाटेवर उठून बसले.

"जास्त मागतलं असतं त तुले वाटलं असतं, मी फाट्यावर जाऊन राह्यलो. चाळीसात पुरत नाही, हे मले सकाळीच मालूम व्हतं."