बेसबॉलच्या मैदानावरचे प्रमुख पाहुणे

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या पंधरा-वीस मराठी घरांत आंबेडकर जयंती असो की दिवाळी, सूत्रसंचालन उल्हास गायकवाडचंच. एरवी हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये चादरी आणि गाऊन पोचवणारा हा साधा माणूस माईक हातात आला की अंगात आल्यासारखा बोलायचा. वक्ता दहा मिनिटं बोलणार असेल, तर उल्हास त्याचा परिचय पंधरा मिनिटं करून द्यायचा.

मग कोविड आला आणि कार्यक्रम झूमवर गेले. झूमवर एक दुष्ट सोय आहे. जयंतीला उल्हास ऐन रंगात आला असताना मंडळाच्या सेक्रेटरीने, सुमेधाने, त्याला म्यूट केलं. बिचारा त्यानंतरही बराच वेळ हातवारे करत बोलत होता. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. तो घरातसुद्धा गप्प गप्प राहू लागला, आणि त्याच्या बायकोला, करुणाला, ती शांतता सोसेना.

तिनेच मार्ग काढला. तिच्या ऑफिसातला ग्लेन हा एका बेसबॉल क्लबचा अध्यक्ष. निर्बंधांमुळे त्याचे प्रेक्षक आपापल्या गाडीत बसून मॅच बघत, कॉमेंट्री गाडीच्या रेडिओवर ऐकत आणि टाळ्यांऐवजी हॉर्न वाजवत. पण बेसबॉलमध्ये खेळ कमी आणि थांबणं जास्त. अर्धी मॅच होते न होते तोच निम्म्या गाड्या घराकडे वळत. करुणाने त्याला उल्हासचं नाव सुचवलं.

“एक आर्वो, एक दुपार ट्राय कर, मेट,” ग्लेन म्हणाला. “गाड्या शेवटपर्यंत थांबल्या तर सीझनभर माईक तुझा. नाहीतर मी आपली गाणी लावतो.”

उल्हासला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तेवढ्याने अडेल तो सूत्रसंचालक कसला! त्याने दोन्ही संघांतल्या एकूण एक खेळाडूला फोन करून माहिती गोळा केली. गाव कुठलं, घरी कोण असतं, लॉकडाऊनमध्ये काय शिकलास.

शनिवारी दुपारी प्रत्येक बॅटरला त्याने व्यासपीठावर बोलवावं तसं मैदानात बोलावलं. कामाच्या व्यापातून खास वेळ काढून आलेले, पेशाने प्लंबर, सावरडो ब्रेड दर वेळी फसूनही न खचलेले वगैरे वगैरे. गाड्या खूश झाल्या. मग पाहुण्या संघाचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आला. पाहुणा तो पाहुणा! उल्हासने त्याची इतकी स्तुती केली की यजमान गाड्यांतले लोक संतापून हॉर्नवरचे हात उचलेचनात. उल्हासला वाटलं, टाळ्या पडताहेत. तो आणखी फुलला. या मुलाची आजी पर्थला आहे, राज्यांच्या सीमा बंद आहेत, आणि हा रोज तिला फोनवर पेपर वाचून दाखवतो, असं त्याने सांगितलं. हॉर्न थांबले, आणि तेच शब्द गाड्यांच्या रेडिओंवरून मैदानातही ऐकू आले. पिचरने टोपी डोळ्यांवर ओढली आणि पुढचे चारही बॉल भलतीकडे गेले. त्याचा कोच तणतणत अंपायरकडे धावला, पण परिचयावर बंदी घालणारा नियम काही अंपायरला सापडेना.

एवढं होऊनही ग्लेनचा संघ हरायचा तो हरलाच. गवत कापणाऱ्यापासून अंपायरच्या बायकोपर्यंत सगळ्यांचे आभार मानून उल्हासने मान वर केली. एकही गाडी हलली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मैदानाच्या कडेने किर्र किर्र आवाज सुरू झाले. निम्म्या गाड्या स्टार्टच होईनात. इंजिन बंद ठेवून दुपारभर रेडिओ ऐकल्यामुळे बॅटऱ्या उतरल्या होत्या. लोक खाली उतरून एकमेकांकडे बॅटरीला बॅटरी जोडायच्या वायरी, जंपर लीड, मागू लागले.

उल्हास पाय ओढत गाडीत बसलेल्या करुणाच्या खिडकीशी गेला. “थांबले नव्हते गं, अडकले होते. यापेक्षा झूम बरं.”

“वेडा आहेस का?” करुणा म्हणाली. “कंटाळून रेडिओ बंद केला असता, तर बॅटरी उतरली असती का कुणाची?”

लांबून ग्लेन ओरडला, “नेक्स्ट वीक त्यांना इंजिन चालू ठेवायला सांग, मेट!”

“आता उभा काय राहिलास?” करुणा म्हणाली. “जा, लीड घेऊन ये. आपलीसुद्धा उतरलीय.”