आईचं गाठोडं

शिळ्या भाकरीच्या कुटक्यांना फोडणी बसली, की मला आईचं गाठोडं आठवतं. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जाळलं गेल्यावर आम्ही सेलूला खोली केली होती. तिथंही आई रोज दिवेलागणीला लुगडं आणि भाकरी गाठोड्यात बांधून दारामागं ठेवायची, आणि सकाळी त्याच भाकरीचे कुटके करायची. एकदा ऑफिसातले मित्र घरी येणार म्हणून लाजेपायी मी ते गाठोडं सोडलं आणि म्हणालो, "इथं कोण येणार हाय जाळायला? सोड आता हे याड." आई रागावली नाही. "बांधून ठेवलं की झोप लागती रं," एवढंच बोलली. पुन्हा तिनं गाठोडं बांधलं नाही. रोज सकाळी तिचे डोळे तांबारलेले असायचे, आणि मी मात्र आई बरी झाली म्हणून सगळ्यांना सांगत होतो.