डिकीवरच्या दोन थापा

तक्रारदार — मी स्वतः. वय पंचावन्न, व्यवसाय अर्जनवीस, बैठक भूम येथील कचेरीच्या आवाराबाहेर, लिंबाखाली.
घटनेचे ठिकाण — भूमचा आठवडी बाजार, मागच्या भिंतीलगतचे चिंचेचे झाड.
घटनेचा काळ — गेल्या दिवाळीनंतरचे लागोपाठ पाच बाजार. वेळ दुपारी बाराच्या आत, लख्ख उन्हात.
साक्षीदार — (१) केराबाई, भाजी विकणाऱ्या. (२) मुनीर मिस्त्री, गाड्यांचे वायरिंग करणारे.
विरुद्ध — येथे कोणाचे नाव लिहावे, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

सुज्ञ वाचकहो, प्रारंभीच नमूद करतो की असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी तीस वर्षांत या तालुक्यातील निम्म्या लोकांची गाऱ्हाणी माझ्या लेखणीखालून गेली आहेत. कोणी सांगे — भावकीने भानामती केली, घरावर दगड पडतात, असे लिहा. मी तो शब्द स्वतःच्या हाताने खोडून त्या जागी "अज्ञात कारणामुळे" असे लिहीत आलो. साहेब लोक भानामती वाचून हसतात, अज्ञात कारण वाचून चौकशी लावतात. एवढे कायद्याचे ज्ञान मला आहे.

आता मूळ मुद्दा. माझा मुलगा अविनाश पुण्यास नोकरीला असतो. त्याने नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी मोठी गाडी आम्हाला आणून दिली. त्यामागे कारण होते. माझ्या मंडळीचा, म्हणजे शकुंतलेचा, उजवा खांदा कामातून गेला होता, आणि या गाडीची डिकी विजेवर चालणारी होती. बटण दाबले की मागचे दार टूँ-टूँ करीत आपोआप वर जाई, पुन्हा दाबले की खाली येऊन लागे. हात वर करण्याचे काम नाही. शकुंतलेला त्या डिकीचे फार कौतुक.

दर बाजारी आमचा क्रम ठरलेला. मी गाडी चिंचेखाली लावावी आणि स्टिअरिंगवर पेपर पसरून वाचीत बसावे. तिने एकटीने बाजार करावा, पिशव्या एकटीने आणाव्यात, डिकीत भराव्यात. मी खाली उतरत नसे. मोठमोठे लोक ज्याच्याकडे अर्ज लिहून घेतात, त्याने भर बाजारात मेथीच्या जुड्या उचलणे मला शोभणारे वाटत नसे. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा त्यात काही वावगे दिसत नव्हते.

सामान भरून डिकी लागली की ती पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारी. ही काळीपिवळी जीपची सवय. जीपमध्ये मागे लटकणारा गडी एक थाप मारतो — थांबा. दोन थापा — चला. लग्नानंतर वीस वर्षे आम्ही काळीपिवळीनेच फिरलो. अविनाश हसायचा —

"आई, ही काय काळीपिवळी हाय व्हय? डिकी लागली की टूँ वाजतंय की."

"वाजू दे. टूँ मशीन म्हणतंय. चला म्या म्हणते."

दोन थापा मारून ती डावीकडून फिरून येई, पुढचे दार उघडून बसे, दार लावी. मग मी पेपरची घडी करून गाडी काढी. काही वर्षे हेच.

गेल्या श्रावणात छातीच्या दुखण्याचे निमित्त झाले आणि तीन दिवसांत ती गेली. गाडी दिवाळीपर्यंत अंगणात उभी होती. नंतर घरातले सामान संपले म्हणून पहिल्यांदा एकटा बाजारास गेलो. चिंचेखाली गाडी लावली, इंजिन बंद केले, पेपर उघडला... आणि मागे टूँ-टूँ वाजून डिकी वर गेली.

मी बटणाला हात लावलेला नव्हता. वाटले, खिशातली चावी दाबली गेली असेल. उतरलो, बंद केली. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या केराबाई शकुंतलेच्या जुन्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या,

"रायटरसाहेब, डिकी उघडी टाकून काय विकायला आणलंय? अर्ज किलोवर द्यायलाव का?"

आजूबाजूचे हसले. हसले म्हणून मला राग आला, आणि रागाच्या भरात मी मुनीर मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याच सुमारास अविनाशचाही फोन आला होता — "अण्णा, गाडी नुसती उभी राहतीया. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. डिकीचं तेवढं करून घ्या, मग येऊन नेतो."

मुनीर मिस्त्री हा वायरिंगमधला या भागातला शहाणा माणूस. त्याने प्रथम बॅटरी तपासली — ठणठणीत. चावीतला सेल काढून ठेवला. बंपरखाली पाय फिरवला की डिकी उघडणारे एक यंत्र असते, ते सोडवले. "कुत्रं गेलं असंल खालनं," म्हणाला. कुलपाचा खटका साफ केला. संगणक जोडून पाहिला. सर्व ठीक. त्याच्या गॅरेजच्या दारात गाडी दोन दिवस उभी होती; डिकी हलली नाही. माझ्या घरापुढे हलली नाही. मी मुद्दाम कचेरीपुढे लावून पाहिली, मंदिरापुढे लावून पाहिली. नाही. बाजारी चिंचेखाली लावली — वर.

चौथ्या बाजारानंतर मुनीर चिडला. त्याने डिकीच्या मोटरचा प्लगच ओढला, फ्यूज उपसून माझ्या हातावर ठेवला.

"हे ठिवा खिशात. आता ही डिकी मेली समजा. उचलायची म्हणलं तर दोन माणसं लागतील."

"म्हणजे दोष सापडला?"

"दोष न्हाय सापडला, साहेब. दोषाचं जेवण बंद केलंय."

पाचव्या बाजाराबद्दल आता जे लिहितो, ते शपथेवर लिहितो.

फ्यूज माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. मी गाडी लावली, पेपर उघडला, पण वाचत नव्हतो. आरशात पाहात होतो. टूँ वाजले नाही, कुठून वाजणार? डिकी आवाज न करता हळूहळू वर गेली. आरशात पलीकडचा बाजार दिसू लागला, कांद्याचे ढीग, माणसांचे पाय. मागे कोणीही नव्हते. गाडीचा मागचा भाग किंचित दबला, जसा पिशवी ठेवल्यावर दबतो. पुन्हा दबला. मग डिकी खाली आली, लागली.

आणि पत्र्यावर दोन थापा पडल्या.

मी, जो मोठमोठ्या साहेबांपुढे न अडखळता बोलतो, तो मी चावी फिरवून, पहिला गिअर टाकून, हॉर्न दाबीत बाजारातून बाहेर पडलो. घरी येऊन डिकी उघडण्याचा प्रयत्न केला. मला एकट्याला ती वीतभरही उचलता आली नाही. शेजाऱ्याच्या मदतीने उचलली. आत काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुनीरने डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी कापून पाहिली. त्या नळीतून तारांचा जुडगा जातो आणि डिकी रोज वरखाली होऊन तारा आत मोडतात. तीन तारा मोडलेल्या निघाल्या. त्याने मला बोलावून दाखवल्या.

"ही बघा तुमची भानामती. तार तारेला चिकटली की उघडायचा हुकूम जातोय."

"तारेला चिंचेचे झाड कसे कळते?"

तो तारांची टोके सोलू लागला.

"आणि फ्यूज माझ्या खिशात असताना?"

"तेवढं इच्यारू नका साहेब," तो म्हणाला. त्याने तारा जोडल्या, नवी नळी बसवली. डिकी उत्तम चालू लागली. बटण दाबले की उघडे, बटण दाबले की लागे. दुरुस्तीबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

सहाव्या बाजारी मी चिंचेखाली अर्धा दिवस बसलो. डिकी उघडली नाही. सातव्या बाजारीही नाही. तेव्हा पहिल्यांदा मी गाडीतून उतरलो आणि केराबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी न विचारता मेथी पुढे केली. "वहिनी हीच न्यायच्या. देठ लाल बघून." ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मी विचारले, त्या दिवशी तुम्ही काही ऐकले का?

"थापा व्हय? ऐकल्या की. दोन. सवयीनं मान वर केली, तर कुणीच न्हवतं. अंगावर काटा आला माझ्या." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पर साहेब, तुम्ही गाडी एवढी बिगीनं का काढलीव? न्हाय तर दरवेळेला डावीकडचं दार लागूस्तोवर थांबायचाव."

वाचकहो, दोन थापांनंतर फिरून येण्यास तिला किती वेळ लागतो, हे माझ्याइतके कोणास ठाऊक? तेवढा मी थांबलो नाही.

अविनाश गिऱ्हाईक घेऊन आला, तेव्हा मी स्पष्ट सांगितले की डिकीत दोष आहे, गाडी देता येत नाही. मुनीरही योगायोगाने तेथे होता, तो भडकला. "अवो, म्या झक्कास करून दिलीय अन् तुम्ही माझी इज्जत घालवायलाव!" गिऱ्हाईक निघून गेले. अविनाश म्हणाला, "राहू द्या अण्णा. तुमच्याकडंच राहू द्या." जाताना तोही आईसारखाच गाडीच्या मागून फिरून गेला.

मग मी मुनीरला तारांचे जोड सोडून पूर्वीसारखे करावयास सांगितले. "लोक दुरुस्तीला येत्यात, तुम्ही बिघडवायला आलाव," असे म्हणून त्याने जोड सोडले. डिकी मेली. चिंचेखालीही मेलेलीच राहिली.

दोष तारेचा होता की माझा, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्या कचेरीस आहे, मला माहीत नाही. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर जातो, हे सांगून मी पोट भरतो. या अर्जावर "प्रति" लिहून पुढची जागा मी कोरी सोडली आहे. "अज्ञात कारणामुळे" असे मात्र मी येथे लिहिणार नाही.

सबब विनंती की, ज्यांना असा अनुभव असेल, त्यांनी कृपया कळवावे — एकदा न थांबता निघून गेलेल्या माणसासाठी दुसऱ्यांदा कोणी येते काय? येत असल्यास अर्जदाराने काय पूर्तता करावी?

अर्जदारास वाचता येत नसेल, तर अर्ज त्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि शेवटी तसे लिहावे, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. शकुंतलेला वाचता येत नव्हते. एवढ्या वर्षांत माझे एकही लिखाण मी तिला वाचून दाखवले नव्हते. वरील मजकूर मी आजच्या बाजारी, चिंचेखाली, गाडीत बसून मोठ्याने वाचून दाखवला. डावीकडचे दार उघडे ठेवले होते.

वाचून दाखवले. बरोबर आहे की नाही, याचे उत्तर यायचे आहे. न्याय व्हावा, ही विनंती.